घरी बसलेली दोन मतं

१४ ऑक्टोबर २००४, गुरुवार

हवा: कोरडी, पश्चिमेचा वारा. नोंद हवेनेच सुरू करायची हा ऑर्लिनचा नियम. बियाणं विकणारी कंपनी दरवर्षी ही खिशातली डायरी पाठवते. माझा नवरा ऑर्लिन जाऊन तीन वर्षं झाली तरी अजून त्याच्याच नावाने पाठवते. मी तक्रार करत नाही. फुकटची डायरी आणि वर त्याचं नाव, दोन्ही बरं वाटतं.

आज मत टाकलं. टपालाने. मतपत्रिका सोमवारीच आली होती, तीन दिवस मीठदाणीखाली दाबून ठेवली होती. सव्वीस वर्षं मी या भागात टपाल वाटलं. किती जणांची मतं माझ्या गाडीतून गेली असतील, पण माझं स्वतःचं मी कधी पाकिटात घातलं नव्हतं. टाउनशिपच्या हॉलमध्ये जायचं, बर्निससमोर वहीत सही करायची, मग मत टाकायचं, हीच पद्धत. या वेळी धीर धरवेना. मधल्या तीन आठवड्यांत मी मेले तर? अडुसष्ट वर्षांची आहे, पायऱ्यांवर शेवाळ आहे, काही सांगता येत नाही. आणि डेरेकची तुकडी जानेवारीत इराकला निघते आहे. माझा एकुलता एक नातू. कॉलेजचा खर्च निघावा म्हणून नॅशनल गार्डच्या राखीव फौजेत गेला आणि आता निघाला वाळवंटात. हे युद्ध ज्यांनी काढलं त्यांना घरी पाठवायचं एवढंच माझ्या हातात आहे. काळजीपूर्वक गोल काळा केला, पाकीट चाटून बंद केलं, दारच्या टपालपेटीत टाकलं आणि पेटीचा लाल झेंडा वर केला, म्हणजे आत काही न्यायचं आहे हे कळतं.

टपाल न्यायला आलेल्या पोरीने हात केला. पाकिटात काय आहे ते तिला माहीत होतं. मी टपाल वाटायचे तेव्हा मलाही कळायचंच की.

१७ ऑक्टोबर, रविवार

हवा: स्वच्छ, सकाळी दंव.

चर्चहून आल्यावर ऑर्लिनच्या जुन्या डायऱ्या काढून बसले. निवडणुकीची पानं शोधली. नोव्हेंबर १९८०: "कोरडं. सेल्मरबरोबर मका, मागचं शेत. मत नाही. त्याचंही नाही." १९८४: "चिखल. यंत्र दोनदा रुतलं. मत नाही. फिट्टंफाट." सगळी पानं अशीच.

सेल्मर म्हणजे आमचा शेजारी, पाव मैलावरचा. त्याचा पक्ष वेगळा, ऑर्लिनचा वेगळा. १९७२ साली मतदानाच्या दिवशी मका उभा होता आणि आभाळ भरून आलं होतं. तेव्हा हे दोघे म्हणाले, तू इकडे टाकणार, मी तिकडे टाकणार, बेरीज शून्य, मग अर्धा दिवस कशाला घालवायचा? हात मिळवले आणि मका काढला. पुढे मग तोच पायंडा पडला. राष्ट्राध्यक्षाच्या आठ निवडणुका दोघांनी घरी बसून काढल्या. मी दर वेळी दोघांना झाडायचे, "दोन घोडे, बुद्धी अर्धी," आणि एकटी जाऊन मत टाकून यायचे.

आता ऑर्लिन नाही. म्हणजे या वर्षी सेल्मरचं मत मोकाट सुटलं. हे माझ्या डोक्यात चर्चमध्ये प्रवचन चालू असताना आलं, देव मला क्षमा करो.

जेवून त्याच्याकडे गेले. तो मका काढायच्या यंत्राला ग्रीस लावत होता. चौऱ्याहत्तरीचा झाला तरी यंत्राखाली सरपटत शिरतो.

"सेल्मर, या वेळी तुझ्यासमोर कोण?"

"कशात?"

"मतात. ऑर्लिन तर नाही."

तो बाहेर आला. फडक्याने हात पुसत राहिला, एकेक बोट वेगळं वेगळं.

"मी बसते त्याच्या जागी," मी म्हणाले. "तू जायचं नाही, मीही जायचं नाही."

"तू?" तो हसला. "तू तर आम्हाला शिव्या घालायचीस."

"घालायचे. पण आता वाटतं, त्याची रीत माझ्यामुळे मोडू नये."

त्याने टोपी काढली आणि तिच्या आत बघत राहिला. काही बोलायचं असलं की तो असं करतो, आणि बहुतेक वेळा मग बोलतच नाही.

"तुला नक्की हेच हवंय, आर्डिस? या वर्षी?"

"ऑर्लिनसाठी," मी म्हणाले.

त्याने टोपी घातली आणि हात पुढे केला. ग्रीसचा वास अजून माझ्या तळव्याला आहे, दोनदा धुतला तरी.

आता हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार. मी खोटं बोलले का? 'मी मत टाकायला जाणार नाही' असं म्हणाले. ते खरंच आहे. जाणार नाहीच. टाकून झालंय. आणि सेल्मरचं काय बिघडलं? बत्तीस वर्षं घरी बसला, आणखी एकदा बसेल. माझा नातू जातोय, त्याचा नाही. त्याला तर मूलबाळच नाही.

२३ ऑक्टोबर, शनिवार

हवा: ढगाळ, वारा मुळीच नाही.

चर्चच्या तळघरात लुटेफिस्कचं वार्षिक जेवण. सोड्याच्या पाण्यात फुगवलेला तो थुलथुलीत मासा मला जन्मभर आवडला नाही, पण मी दरवर्षी दोन वेळा वाढून घेते. नाहीतर लोक म्हणतील, ऑर्लिन गेल्यापासून आर्डिस खात नाही.

गेलर्ड आमच्या टेबलावर येऊन बसला. तो सेल्मरच्या पक्षाचा, आणि त्याचा आवाज मक्याच्या कोठारापर्यंत जातो. "काय सेल्मर, तुझ्या दारात या वर्षी आपल्या पक्षाची पाटी नाही? पलटलास की काय?"

"वाऱ्याने पाडली," सेल्मर म्हणाला.

"मग उभी कर की! ही आर्डिस बघते आहे, तिला आनंद होतोय."

"बटाटे दे इकडे," सेल्मर म्हणाला.

मी मनात म्हटलं, पाटी पाडण्याइतका वारा कुठे होता या महिन्यात? आळस, दुसरं काय. बायको गेल्यापासून त्याच्या दारातलं काहीच उभं नसतं.

घरी सोडताना त्याने गाडीत विचारलं, "डेरेक किती तारखेला निघतो?"

"चार जानेवारी."

"वाळवंटात थंडी पडते म्हणे. पहाटेची."

"तुला कोणी सांगितलं?"

"वाचलं." मग म्हणाला, "कोरियाच्या लढाईत आमच्यातल्या कितीकांचे पाय गेले थंडीने. गोळ्यांनी कमी, थंडीने जास्त." एवढ्या वर्षांत कोरियाबद्दल त्याने काढलेलं हे दुसरं की तिसरं वाक्य असेल. मी काचेबाहेर बघत राहिले. मला तेव्हा डेरेकच्या पायांचा विचार नको होता.

३१ ऑक्टोबर, रविवार

हवा: थंड.

आज एक गोष्ट लक्षात आली. मतदानाच्या टेबलावर बर्निस बसते. सेल्मरची चुलत बहीण. तिच्या वहीत प्रत्येकाचं नाव असतं, आणि टपालाने ज्यांनी मत दिलंय त्यांच्या नावापुढे आधीच खूण असते. सेल्मर सहज म्हणून तिथे कॉफी प्यायला डोकावला तर ती बाई अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणेल, "आर्डिस या वर्षी लवकर उरकून बसली हो!"

म्हणजे मंगळवारी सेल्मर माझ्या डोळ्यांसमोर हवा. सकाळपासून रात्री नऊपर्यंत, मतदान बंद होईस्तोवर. त्याला फोन केला. म्हटलं, मंगळवारी लेफ्सा करू. बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या एकट्या माणसाचं काम नाही. मी लाटायच्या आणि दुसऱ्याने मोठ्या तव्यावर काठीने उलटायच्या. ऑर्लिन उलटायचा. तो गेल्यावर सेल्मर उलटतो, ऑर्लिननेच तासलेल्या काठीने.

"मंगळवारी?" तो म्हणाला. "दिवसभर?"

"दहा पौंड बटाटे आहेत."

"बरं," तो म्हणाला.

किती सोपं होतं. लाज वाटायला हवी होती, पण आधी सुटल्यासारखंच वाटलं. लाज नंतर वाटली, आणि तीही थोडीच.

२ नोव्हेंबर, मंगळवार

हवा: थंड, दुपारी थोडं ऊन.

सेल्मर आठला आला. मका कालच संपला त्याचा. मी दार उघडलं आणि बघतच राहिले. दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, चर्चला घालतो ती काळी विजार.

"पीठ उडणार आहे, माहीत आहे ना?" मी म्हटलं. "लग्नाला आलास का?"

"म्हटलं, आजचा दिवस आहे," तो म्हणाला.

मला वाटलं, ऑर्लिनच्या आठवणीने. डोळे भरून आले माझे. त्याला एप्रन बांधला, तो मागे वळून गपचूप उभा राहिला, आणि आम्ही कामाला लागलो.

मी लाटत होते, तो उलटत होता. त्याचा हात छान आहे. काठी अलगद खाली सरकवतो, पोळी उचलतो, फिरवतो, कधी फाडत नाही. दुपारपर्यंत कापडाखाली पोळ्यांची चळत झाली. रेडिओ लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. तो दर थोड्या वेळाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. मी म्हटलं, "कुठे जायचंय का?"

"नाही, नाही."

तीन वाजता आम्ही लोणी-साखर लावून गरम गरम खाल्ल्या. चार वाजता मी आणखी बटाटे उकडायला टाकले. लागत नव्हते, तरी टाकले. सहाला खिमा-बटाट्याची हॉटडिश ओव्हनमध्ये ठेवली. सातला जेवण झालं. तो ताट विसळून परत आला आणि बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

"आर्डिस, अजून दोन तास आहेत."

"कशाला?"

"मतदानाला. मी काय म्हणतो, जाऊ या का? दोघंही. माझ्या गाडीतून. दहा मिनिटांचं काम."

बर्निस, तिची वही, माझ्या नावापुढची खूण, सगळं डोळ्यांसमोर आलं.

"शब्द दिलाय आपण," मी म्हणाले.

"दिलाय. पण दोघांनी मिळून सोडला तर कोणाचा मोडत नाही."

"ऑर्लिनने आठ वेळा पाळला, सेल्मर. तू एकदाही मोडला नाहीस. आता त्याच्या पश्चात मोडणार? त्याच्याच स्वयंपाकघरात?"

असं बोलले मी. शब्दन्‌शब्द. त्याचा चेहरा पडला. तो बसला, काठी घेतली आणि तिच्यावरचं वाळलेलं पीठ नखाने खरवडत राहिला. मला वाटलं, हरायच्या भीतीने चुळबुळ सुरू झाली आहे ह्याची. त्याला वाटतंय आमची बाजू पुढे आहे, म्हणून शेवटच्या क्षणाला शब्द सोडवून घेतोय. मनातल्या मनात मी खूश झाले.

नऊच्या ठोक्याला तो उठला. दाराशी म्हणाला, "झालं मग." मी त्याच्या हातात दोन डझन लेफ्सा बांधून दिल्या.

३ नोव्हेंबर, बुधवार

हवा: बघितली नाही.

हरलो. ओहायो गेलं आणि सगळं गेलं. सकाळी आमच्या माणसाने पराभव मान्य केला. मी मोरीच्या काठावर बसून रेडिओवर ऐकलं. मुलीचा, जोलीनचा, वॉटरलूहून फोन आला. ती रडत होती. म्हणाली, "आई, आता डेरेक जाणारच." मी म्हटलं, "कोणीही आलं असतं तरी जानेवारीत गेलाच असता तो." हे खरं आहे, पण कालपर्यंत मला ते माहीत नव्हतं. नाही, माहीत होतं.

साडेनऊला सेल्मर कॉफीला आला, रोजच्यासारखा. टोपी काढून दारातच उभा.

"वाईट झालं, आर्डिस," तो म्हणाला.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मानभावीपणा नको दाखवू! जिंकलात ना? जा, गेलर्डबरोबर केक काप."

कॉफी ओतली होती मी त्याच्यासाठी. तो अर्धी प्यायला आणि गेला. अर्धी टाकून तो कधी जात नाही.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

हवा: ऊन, वारा.

आज आमच्या आयोवाचंही कळलं. तेही गेलं. सगळं राज्य मिळून दहा-बारा हजार मतांनी. गेले दोन दिवस मी बोटांवर मोजत बसले आहे. टाउनशिप किती, दारं किती, एकेका गावात आणखी पाच-सात माणसं निघाली असती तर. आपण कोणाकडे गेलो नाही, कोणाला गाडीतून नेलं नाही. मी काय केलं? पोळ्या लाटल्या.

पण निदान एक काम मी केलं असं म्हणायला हरकत नाही: त्यांचं एक मत घरी बसवलं.

सेल्मर आला नाही. कालही नाही. जिंकणारे लोक असेच असतात.

१४ नोव्हेंबर, रविवार

हवा: ढगाळ, गारठा. नीट लिहायचा प्रयत्न करते.

चर्च सुटल्यावर सेल्मर माझ्या मागोमाग घरी आला. कोट काढला नाही. नेहमीच्या खुर्चीवर बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

"बोलायचंय जरा," तो म्हणाला.

"बोल."

"मी तुमच्या बाजूला टाकणार होतो."

मला कळेना. "काय टाकणार होतास?"

"मत, आर्डिस. अडुसष्ट सालानंतर पहिल्यांदा, छत्तीस वर्षांनी टाकणार होतो. पाटीही मीच काढून ठेवली, वारा कुठला आलाय. डेरेकला इराकला जायचा कागद आल्याचं तू सांगितलंस ना, ऑगस्टमध्ये, त्या दिवसापासून मला झोप नाही. मी बघितलंय युद्ध. असं पोरगं तिथे कशासाठी पाठवतात ते मला कोणीतरी सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस? मी आले होते तेव्हा?"

"कसं बोलू? माझा बाप त्या पक्षाचा, मी त्या पक्षाचा. तोंडातून निघेचना. म्हणून विचारलं तुला, नक्की हेच हवंय का. आणि तू ऑर्लिनचं नाव काढलंस." तो टोपीच्या आत बघत होता. "मग मतदानाच्या दिवशी ठरवून आलो होतो की तुला गाडीत घालूनच न्यायचं. तिथे आत गेल्यावर कोणाला काय कळतंय? दिवसभर शब्द जुळवत होतो. आणि संध्याकाळी तू म्हणालीस ते बरोबरच होतं. शब्द म्हणजे शब्द. पण मी जोर धरायला हवा होता गं. माझं गेलं त्याचं काही नाही. माझ्या भिडेपायी तुझं गेलं. तुझ्या नातवासाठीचं मत, आणि तू माझ्याबरोबर पोळ्या करत बसलीस. मला ते सहन होत नाहीये. मला माफ कर."

तो माझी माफी मागत होता. माझ्या टेबलाशी बसून, कोट न काढता.

मी काय केलं? उठले, कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. म्हणाले, "त्यात काय माफी मागायची, सेल्मर." त्याला बहुधा वाटलं मी रडते आहे. त्याने जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हा सांगायला हवं होतं. भांड्यातलं पाणी उकळेपर्यंत चार मिनिटं होती मला.

२१ नोव्हेंबर, रविवार

हवा: पहिलं हिम, चिमूटभर.

सेल्मर पुन्हा रोज येतो. जास्तच येतो. तळघरातला दिवा बदलला, दाराची बिजागरी नीट केली. डेरेकसाठी लोकरीचे मोजे मागवलेत म्हणाला. भरपाई करतोय बिचारा. मी रोज ठरवते, आज सांगते, आणि रोज त्याला दुसरा कप ओतते. सांगून कोणाला काय मिळणार, असंही वाटतं. मत तर परत मिळणार नाही. पण हा माणूस माझी बिजागरी ठोकतोय, आणि कशाबद्दल ते त्याला माहीतच नाही.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

हवा: कडाक्याची थंडी, निरभ्र.

काल थँक्सगिव्हिंग. जोलीन आणि डेरेक आले होते, आणि सेल्मर. टर्की बरी झाली. डेरेकचे केस बारीक कापलेले, कान उघडे पडलेले, सातवीतल्यासारखा दिसत होता. खाण्याआधी प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची, कशाबद्दल आभारी आहोत ते. ही ऑर्लिनच्या आईपासूनची रीत. जोलीन डेरेकबद्दल बोलली आणि तिला पुढे बोलता येईना. डेरेक म्हणाला, "आजीच्या लेफ्साबद्दल," आणि सगळे हसले.

मग सेल्मर. तो दरवर्षी "पिकाबद्दल" म्हणतो आणि बसतो. काल म्हणाला, "माझ्या शेजारणीबद्दल. आर्डिसला या वर्षी काय वाटत होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी तिने ऑर्लिनचा शब्द पाळला. असं माणूस शेजारी आहे, त्याबद्दल."

जोलीनने माझ्याकडे बघितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझी पाळी आली. मी म्हटलं, "टर्की गार होतेय," आणि सुरी उचलली.

सेल्मर निघाला तेव्हा कोट न घालताच मी मागून अंगणात गेले. उजेड होता अजून थोडा. त्याने गाडीचं दार उघडलं होतं.

"सेल्मर, मी मत टाकलं होतं."

तो थांबला.

"टपालाने. मी मत टाकलं होतं."

"कधी?"

"चौदा ऑक्टोबरला."

त्याने हिशोब केला. मला दिसलं ते, त्याच्या डोळ्यांत. "म्हणजे माझ्याकडे आलीस त्याआधी."

"हो."

"हात मिळवलास त्याआधी."

"हो."

"आणि त्या संध्याकाळी मी म्हटलं, जाऊ या..."

"बर्निसच्या वहीत माझ्या नावापुढे खूण होती. म्हणून नाही म्हटलं."

त्याने टोपी काढली नाही. मी वाट बघत होते की तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्या घराकडे बघत होता, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. आत डेरेक ताटं पुसत होता.

"मग निदान एक तरी पडलं," तो म्हणाला.

"सेल्मर, मला माहीत असतं की तू—"

"तुला माहीत नव्हतं म्हणूनच केलंस ना?" आवाज अजिबात चढला नाही. मग तो गाडीत बसला, काच खाली केली. "चार वर्षांनी मी अठ्ठ्याहत्तरचा असेन. असलो तर एकटाच जाईन."

तो गेला. मी आत आले. जोलीन म्हणाली, "आई, कोटाशिवाय? वेड लागलंय का तुला?"

१ डिसेंबर, बुधवार

हवा: रात्रीत सहा इंच हिम. पहाटे थांबलं.

पाच दिवस साडेनऊ वाजतात आणि कोणी येत नाही. आज सहालाच ट्रॅक्टरचा आवाज आला. सेल्मर. माझा रस्ता दारापासून सडकेपर्यंत साफ करून गेला, कडेने, नीट, दरवर्षी करतो तसाच. मी कॉफी उतरवली, त्याचा कप काढून ठेवला, दिवा लावून खिडकीत उभी राहिले. ट्रॅक्टर दोनदा खिडकीसमोरून गेला. त्याने मान वळवली नाही. मग सडकेला लागला.

कॉफी थर्मासमध्ये भरली आणि चालत खाली जाऊन माझ्या टपालपेटीत ठेवली. परतताना तो सडकेवरचं हिम काढत तिथूनच जातो. टपालपेटीत टपालाखेरीज काहीही ठेवायचं नाही, हा नियम मी सव्वीस वर्षं लोकांना ऐकवला. एकदा एका बाईला तिच्या काकड्या परत नेऊन दिल्या होत्या. थर्मास ठेवला आणि लाल झेंडा वर केला, म्हणजे त्याला दिसेल.

दहा वाजता गेले. झेंडा खाली होता. म्हणजे त्याने पेटी उघडली होती. आत थर्मास तसाच, भरलेला. शेजारी तपकिरी कागदात गुंडाळलेले मोजे, सहा जोड, जाड लोकरीचे. कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं: "डेरेकसाठी." माझं नाव कुठेच नव्हतं.

तिथे उभ्या उभ्याच रडले, सडकेवर. गेल्या महिन्यात देशासाठी रडले होते त्यापेक्षा जास्त. गेलर्डची गाडी गेली, त्याने हॉर्न दिला. त्याला वाटलं असेल, ही बाई अजून निवडणुकीचंच घेऊन बसली आहे. मोजे घरी आणले, डेरेकसाठी भरत असलेल्या पिशवीत तळाशी ठेवले. कॉफी मोरीत ओतली, थर्मास गरम पाण्याने धुऊन उपडा घातला. उद्या पुन्हा ठेवणार आहे.